गळ्यात नळी असलेल्या रुग्णाला गावी पाठवावे की नाही?

पांदणवाट (धागालेखक)

चर्चेसाठी माझी भूमिका आधीच स्पष्ट मांडतो. ज्या रुग्णाचा श्वास गळ्यातील छिद्रात बसवलेल्या नळीतून, म्हणजे ट्रॅकिऑस्टॉमीतून चालतो, पण ज्याला व्हेंटिलेटरची गरज उरलेली नाही, अशा रुग्णाला नागपूर, सेवाग्राम किंवा सावंगीच्या दवाखान्यात आठवडेच्या आठवडे ठेवण्यापेक्षा गावातल्या घरी ठेवणे अधिक योग्य आहे. अट एकच आहे: घरातील किमान दोन माणसांचे हात या कामात तयार झाले आहेत, हे दवाखान्याने त्यांच्याकडून प्रत्यक्ष करवून पाहावे आणि तोपर्यंत सुट्टीच्या कागदावर सही करू नये.

आज घडते ते नेमके उलट. माझ्या धाकट्या भावाला दुचाकीच्या अपघातात डोक्याला मार लागला आणि तो नळीसह आर्णी तालुक्यातल्या आमच्या घरी आला. सक्शन, म्हणजे नळीत साचलेला बेडका यंत्राने ओढून काढणे, कसे करायचे हे घरी सोडण्याच्या दिवशी एका निवासी डॉक्टरांनी घाईघाईत एकदा दाखवले आणि कागदावर 'नातेवाइकांना समजावून सांगितले' असे लिहून आमच्या वडिलांचा अंगठा घेतला. वडिलांनी तोवर सक्शनचे यंत्र हातातही धरलेले नव्हते. दवाखान्याचे नाव मी लिहिणार नाही, कारण ही तक्रार एका दवाखान्यापुरती नाही.

विदर्भात हा प्रश्न तुरळक नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा व्हेंटिलेटर हा शब्द गावोगावच्या पारांवर पोचला. सेंद्रिय फॉस्फरस वर्गातल्या कीटकनाशकाची विषबाधा झालेला रुग्ण पहिल्या दिवशी सावरल्यासारखा वाटतो आणि त्यानंतर एक ते चार दिवसांत त्याच्या मानेचे व श्वासाचे स्नायू ढिले पडतात. मण्यारीच्या दंशातही विषाने मज्जातंतूंची टोके एकदा निकामी केली की प्रतिविषाने ती लगेच परत येत नाहीत. ती पुन्हा सावरेपर्यंत माणूस यंत्राच्या श्वासावर जगवावा लागतो. हे रुग्ण बहुधा नळी काढूनच घरी परततात. नळीसह परततात ते डोक्याला किंवा मानेच्या मणक्याला मार लागलेले, पक्षाघाताचे, मज्जातंतू बिघडून स्नायू लुळे पाडणार्‍या गुलियन-बारे आजारातून हळूहळू उठणारे, आणि ज्यांच्या तोंडाचा किंवा स्वरयंत्राचा कर्करोग तंबाखू-सुपारीच्या खर्‍याने ओढवून आणला आहे असे लोक.

आता घरच्यांना नेमके काय यायला हवे ते पाहू, कारण 'हे तुमचे काम नाही' असे म्हणणारे डॉक्टर हा तपशील कधीच सांगत नाहीत. सक्शनची नळी गळ्यातल्या नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड असू नये. आत घालताना ओढ बंद ठेवावी आणि बाहेर काढताना सुरू करावी. संपूर्ण क्रिया दहा ते पंधरा सेकंदांत संपवावी, कारण तेवढा वेळ रुग्णाला श्वास मिळत नाही. नळीभोवती श्वासनलिका घट्ट बंद करणारा फुगा असेल तर त्यातील दाब 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याएवढा ठेवावा. जास्त झाला तर श्वासनलिकेच्या आतल्या आवरणाचा रक्तपुरवठा तुटतो आणि कमी झाला तर लाळ फुप्फुसांत उतरते. उशाशी त्याच मापाची एक आणि त्याहून एक माप लहान अशी दुसरी नळी कायम तयार असावी. यात शाळेच्या इयत्तेचा संबंध कोठे येतो? आमच्या घरात हे सर्व उत्तम करते ती माझी भावजय, आणि ती सातवी शिकलेली आहे.

आपल्याकडच्या उन्हाळ्याबद्दल मात्र स्वतंत्र सांगावे लागेल. नाक हवा गरम करते, ओलसर करते आणि गाळते. गळ्याच्या नळीतून येणारी हवा हे तिन्ही संस्कार चुकवून थेट आत जाते. पुण्याच्या दमट पावसाळ्यात हे एक वेळ खपून जाईल, पण चंद्रपूर-यवतमाळच्या मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर असताना बेडका डिंकासारखा घट्ट होतो आणि नळीच्या आत खपली धरतो. नळीवर बसवायचे छोटे 'कृत्रिम नाक' मिळते. ते परवडत नसेल तर ओलसर गॉझचा पडदा लावतात आणि वाफ देतात. आमच्या सुट्टीच्या कागदावर याविषयी एक ओळही नव्हती. मार्गशीर्षात तुरीची मळणी सुरू झाली की खळ्यावरचा भुसा दोन घरे ओलांडून येतो, हे तर शहरात बसून कोणाच्या लक्षात येणे कठीणच आहे.

ही कामे गावातल्या माणसांना जमणार नाहीत असे ज्यांना वाटते, त्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. त्यात जंतुसंसर्गावर इंजेक्शन देणे होते आणि जन्मतः श्वास न घेणार्‍या बाळाला श्वास देणेही होते. त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटले, आणि 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो अभ्यास छापला. म्हणजे खेड्यातले हात श्वासाचे काम शिकू शकतात, हे याच विदर्भात सिद्ध होऊन चुकले आहे.

विरोधी मते अवश्य मांडावीत.

भूलतज्ज्ञ_वर्धा

धागालेखकांनी दिलेला तपशील बरोबर आहे, आणि म्हणूनच त्यांचा निष्कर्ष मला धोक्याचा वाटतो.

नळीची रोजची निगा घरचे लोक शिकतात, याविषयी वाद नाही. रुग्ण दगावतो तो रोजच्या कामात नव्हे, तर वर्षातून एखाद्या रात्री येणार्‍या त्या चार मिनिटांत, जेव्हा नळी अचानक बंद होते किंवा निसटून बाहेर येते. त्या वेळी आधी गळ्यातल्या नळीच्या आत बसणारी, सुटी होणारी आतली नळी काढायची, मग सक्शनची नळी आत जाते का ते पाहायचे, जात नसेल तर फुगा सोडायचा, तरीही श्वास येत नसेल तर संपूर्ण नळी उपसून काढायची आणि दुसरी बसवायची, हा क्रम आमचे निवासी डॉक्टरसुद्धा वारंवार सराव केल्याशिवाय घाबरून विसरतात. गळ्यातला मार्ग पहिल्या आठवड्यात कच्चा असतो. त्या काळात नळी निसटली आणि कोणी ती जोराने परत घातली, तर ती श्वासनलिकेऐवजी शेजारच्या मांसात शिरते. नातेवाइकांच्या हातून हे घडले तर जबाबदारी कोणाची, याचे उत्तर धागालेखकांनी दिलेले नाही.

'सर्च'चा दाखला मला मान्य नाही. त्या कामाबद्दल मला अत्यंत आदर आहे, पण नवजात बाळाची जोखीम पहिल्या अठ्ठावीस दिवसांची असते आणि त्या आरोग्यदूतांच्या पाठीशी नियमित येणारे पर्यवेक्षक होते. गळ्यातल्या नळीचे काम दर दोन-तीन तासांनी, रात्रंदिवस आणि काही वेळा वर्षानुवर्षे चालते, आणि त्या घराच्या पाठीशी कोणीही नसते. प्रशिक्षित अडाणी माणूस आणि प्रशिक्षित पण चार महिने सलग न झोपलेला माणूस, यांतला दुसरा अधिक धोकादायक असतो.

आणखी एक गोष्ट. घरी पाठवताना पुष्कळदा प्लास्टिकची फुग्याची नळी काढून धातूची नळी बसवतात, कारण ती धुऊन पुन्हा वापरता येते आणि स्वस्त पडते. रोजच्या वापराला ती खरोखर चांगली आहे. पण तिच्यात फुगा नसतो आणि सामान्यतः हाताने दाबून श्वास देणारी अ‍ॅम्बू बॅग जोडण्याची सोयही नसते. रुग्ण दम लागून ग्रामीण रुग्णालयात पोचला की तेथील डॉक्टरांच्या हातात बॅग असते आणि ती जोडायला जागा नसते.

माझा पर्याय असा: नळी असलेला रुग्ण तिसर्‍या स्तरावरच्या, म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या दवाखान्यातून उपजिल्हा रुग्णालयात यावा, तेथे अशा रुग्णांसाठी चार-सहा खाटांचा कक्ष असावा आणि नळी निघेपर्यंत तो तेथेच राहावा.

सिस्टर_रात्रपाळी

मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. डॉक्टरसाहेबांचा कक्ष कागदावर उत्तम आहे. आमच्याकडे रात्रपाळीला दोन सिस्टर आणि संपूर्ण वॉर्ड असतो. त्यात प्रसूती आली तर एकीच्या हाती वॉर्ड राहतो. नळीचे सहा रुग्ण तेथे ठेवले तर त्यांचे सक्शन कोण करणार? शेवटी तेच नातेवाईक करतील, फक्त घराऐवजी वॉर्डातल्या फरशीवर झोपून.

तरीही मी पांदणवाटभाऊंच्या बाजूने नाही. 'घरातील दोन माणसांचे हात' असे ते लिहितात, पण ते हात कोणाचे, हे त्यांच्याच लेखातून दिसते. भावजय. मला आजवर असा एकही घरचा काळजीवाहू भेटलेला नाही जो रुग्णाचा मोठा भाऊ आहे आणि रात्री तीन वाजता उठून बेडका काढतो. सून, बायको, आई किंवा शाळा सुटलेली मुलगी हेच काम करतात. तीच बाई सकाळी निंदणाला जाते, कारण घरचा कमावता माणूस खाटेवर पडलेला असतो. घरी ठेवणे स्वस्त पडते असे आपण म्हणतो, तेव्हा त्या बाईची मजुरी आपण हिशेबात धरलेलीच नसते.

वर आलेल्या तपशिलात एक भर घालते, कारण यामुळे रुग्ण दगावताना मी पाहिले आहेत. कर्करोगामुळे ज्यांचे संपूर्ण स्वरयंत्र काढले आहे, त्यांच्या नाकातोंडाचा फुप्फुसांशी संबंध उरलेला नसतो; ते केवळ गळ्याच्या छिद्रातून श्वास घेतात. असा माणूस धाप लागून आला की नवखे कर्मचारी सवयीने त्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावतात आणि त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. ऑक्सिजन गळ्यापाशी द्यावा लागतो. साध्या ट्रॅकिऑस्टॉमीत वरचा मार्ग शाबूत असू शकतो, म्हणून तेथे दोन्हीकडे द्यावा. हा फरक रुग्णाच्या खाटेवर मोठ्या अक्षरांत आणि त्याच्याजवळच्या कार्डावर मराठीत लिहिलेला असला पाहिजे. रुग्ण स्वतः बोलू शकत नाही, त्यामुळे तो आम्हांला दुरुस्त करू शकत नाही.

ओलीत

विजेबद्दल कोणी बोलतच नाही. आमचे घर गावठाणात नाही, शेतात आहे, आणि शेतीच्या वाहिनीवर वीज पाळीपाळीने येते. सक्शनचे यंत्र इन्व्हर्टरवर चालते असे सांगणार्‍यांनी तो इन्व्हर्टर आधी कशावर चार्ज करायचा तेही सांगावे. आमच्या मामाजींसाठी आम्ही पायाने चालवायचे सक्शन यंत्र आणले. ते दवाखान्यातल्या एकाही माणसाने सुचवले नव्हते. नागपूरला शस्त्रक्रियेचे साहित्य विकणार्‍या दुकानदाराने दाखवले.

झाडीपट्टी

ब्रह्मपुरीकडचा आहे. वडिलांचे स्वरयंत्र काढून आता बराच काळ लोटला. सिस्टरताईंचा मास्कचा मुद्दा वाचून अंगावर काटा आला, कारण आम्हांलाही हे कोणी सांगितले नव्हते.

मी घरी ठेवण्याच्या पूर्ण बाजूने आहे आणि माझे कारण वैद्यकीय नाही. दवाखान्यात वडील 'खाट क्रमांक' होते. घरी ते धान मोजून घेतात, पाटीवर लिहून भांडतात, नातवाचे गणित तपासतात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची अडचण मोठी आहे; आमच्याच गावातल्या एका बाईंना नळी होती आणि त्यांच्या हाती घरच्यांनी बैलाच्या गळ्यातली घंटी दिली होती. एकदा वाजली की पाणी, सतत वाजली की सक्शन.

ज्यांचे स्वरयंत्र शाबूत आहे त्यांच्या नळीवर बोलण्याची झडप बसवता येते, असे नंतर कळले. तिच्याबद्दल तज्ज्ञांनी लिहावे.

भूलतज्ज्ञ_वर्धा

झडपेबद्दल आधी लिहितो, कारण यातली चूक जीवघेणी ठरते. ती झडप श्वास नळीतून आत घेऊ देते आणि बाहेर मात्र स्वरयंत्राच्या वाटेने सोडायला लावते. नळीचा फुगा भरलेला असताना ती बसवली तर हवा आत जाते आणि बाहेर पडायला वाटच राहत नाही. म्हणून फुगा पूर्ण सोडल्याशिवाय ती बसवू नये, आणि पहिल्यांदा ती दवाखान्यातच, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर बसवून पाहावी. ज्यांचे संपूर्ण स्वरयंत्र काढले आहे त्यांच्यासाठी ती मुळीच नाही.

ओलीत यांनी दाखवलेला मार्ग मी आता आमच्या नातेवाइकांना सांगणार आहे. मात्र विजेच्या प्रश्नातून माझाच मुद्दा पुढे येतो. आजकाल काही कुटुंबे नळीपुरती थांबत नाहीत, तर रुग्णाला घरगुती व्हेंटिलेटरसह घेऊन जाऊ इच्छितात. पुण्या-मुंबईत तसे होत असल्याचे त्यांनी ऐकलेले असते. काही जणांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर म्हणजेच व्हेंटिलेटर वाटतो. कॉन्सन्ट्रेटर खोलीतल्या हवेतला ऑक्सिजन वाढवून देतो, श्वास ओढून देत नाही. ज्याचे श्वासाचे स्नायूच चालत नाहीत त्याला त्याचा आधार नाही. मोठे जंबो सिलिंडरसुद्धा मिनिटाला पाच लिटरने जेमतेम एक दिवस पुरते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा ठिकाणी व्हेंटिलेटरवरचा रुग्ण पाठवणे म्हणजे आपण त्याची तारीखच ठरवून देणे आहे. पांदणवाट यांनी आपली भूमिका व्हेंटिलेटर नसलेल्यांपुरती ठेवली आहे हे मी वाचले आहे. पण एकदा दार उघडले की ते तेवढेच उघडे राहत नाही, हा माझा अनुभव आहे.

पांदणवाट (धागालेखक)

व्हेंटिलेटरच्या बाबतीत माझे आणि डॉक्टरांचे मत वेगळे नाही, म्हणून तो विषय येथेच सोडतो. पण गळ्यातल्या नळीतून दीर्घकाळ कृत्रिम श्वास देणे मोठ्या प्रमाणावर कसे सुरू झाले, याची त्यांना आठवण करून द्यावीशी वाटते. 1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा बियर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने रुग्णांच्या गळ्यात नळी बसवून रबरी पिशवी हाताने दाबत श्वास देण्याचा मार्ग काढला आणि सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून ते काम केले. तेही तज्ज्ञ नव्हते.

सिस्टरताईंचा आक्षेप मात्र डॉक्टरांच्या आक्षेपापेक्षा जड आहे. भावजय हे सर्व करते असे मी अभिमानाने लिहिले, आणि तिला त्या अभिमानातून काय मिळते, असे त्यांनी अप्रत्यक्षपणे विचारले. घरी मी दिवसा असतो, रात्रीची पाळी तिची असते. ही वाटणी कोणी ठरवली नव्हती. म्हणून माझ्या अटीत आता भर घालतो: दवाखान्याने ज्या दोघांचे हात तपासायचे, त्यांतला एक पुरुष असलाच पाहिजे. बाईने आजवर शिकून घेतले नाही असे झालेले नाही. शिकायचे टाळतो तो आम्हीच.

पैशांविषयी थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत दवाखान्यातला मोठा खर्च निघतो, आणि त्याबद्दल कृतज्ञता आहे. पण घरी आल्यावर सक्शनच्या नळ्या, गॉझ, महिन्याकाठी बदलायची नळी आणि तालुक्याच्या फेर्‍या हा खर्च कुटुंबाच्या अंगावर येतो. मग एकदाच वापरायची सक्शनची नळी उकळलेल्या पाण्याने धुऊन पुन्हा पुन्हा वापरली जाते, आणि सगळे जण त्याकडे काणाडोळा करतात. केरळने 2008 मध्ये दुर्धर आजारातला त्रास कमी करणार्‍या (पॅलिएटिव्ह) शुश्रूषेचे धोरण आणले आणि पंचायतींच्या आधाराने परिचारिका घरोघरी जाऊ लागल्या. आपल्या जिल्हा परिषदांना याहून सोपे काम कोणते आहे?

सिस्टर_रात्रपाळी

कोपनहेगनचे विद्यार्थी दवाखान्यात होते, भाऊ, आणि पाळी संपली की ते झोपायला जात. हा फरक लहान नाही.

पुरुषाची अट मला आवडली. ती कागदावर आणायला मी आमच्या वैद्यकीय अधीक्षकांशी बोलेन. पण 'आशा'ताईंच्या गळ्यात हे काम मारू नका, ही विनंती आत्ताच करून ठेवते, कारण अशा प्रत्येक चर्चेचा शेवट तेथेच होतो. त्यांच्याकडे आधीच गरोदर माता, लसीकरण, क्षयरोगाचे रुग्ण आणि न संपणार्‍या नोंदवह्या आहेत. केरळात घरी जाते ती पगारी परिचारिका.

घरच्यांना शिकवायचेच असेल तर सर्वांत आधी एक गोष्ट शिकवा, जी आम्ही सांगायला कचरतो. मार्ग जुना झालेला असेल, नळी पूर्ण बंद झाली असेल, सक्शनची नळी आत जात नसेल आणि माणूस निळा पडत असेल, तर ती नळी काढून टाकावी. नातेवाईक नळीला हात लावायला घाबरतात, तिच्यामुळेच श्वास चालतो असे त्यांना वाटते, आणि बंद पडलेली नळी गळ्यात तशीच ठेवून ते 108 ची वाट पाहत बसतात. नळी काढल्यावर त्या छिद्रातून आणि स्वरयंत्राचा मार्ग मोकळा असेल तर नाकातोंडातूनही हवा जाऊ शकते. दुसरी नळी बसवता आली तर उत्तमच.

भूलतज्ज्ञ_वर्धा

सिस्टरांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी शब्दशः सहमत आहे, आणि तोच परिच्छेद मी लेखी दिला तर उद्या माझ्यावर खटला होऊ शकतो. 'नळी काढा' असे नातेवाइकांना सांगणारा डॉक्टर कोणत्याही चौकशीत एकटा पडतो. धागालेखकांची सहीची अट मला याच कारणाने अपुरी वाटते. दवाखान्याने हात तपासून सही करावी, हे ठीक. पण शासनाने असा एक छापील मराठी कागद काढावा ज्यावर हा आणीबाणीचा क्रम अधिकृतपणे दिलेला असेल. तो निघेपर्यंत मी उपजिल्हा रुग्णालयातल्या कक्षाचाच आग्रह धरीन.

ओलीत

कक्ष कधी होणार आणि कागद कधी निघणार, हे दोन्ही ठाऊक नाही. मामाजींची नळी बदलायची तारीख पुढच्या सोमवारी आहे. वर्धा-यवतमाळ पट्ट्यात धातूच्या नळीला अ‍ॅम्बू बॅग जोडण्याची सोय असलेला प्रकार कोठे मिळतो का, हे डॉक्टरसाहेबांनी कळवावे.

भूलतज्ज्ञ_वर्धा

धातूच्या नळीचा आग्रह धरू नका. त्यांच्या गळ्यातल्या नळीवर माप कोरलेले किंवा छापलेले असेल, ते येथे लिहा. आतली नळी काढून धुता येते अशी, बॅग जोडता येणारी, बिनफुग्याची प्लास्टिकची नळी मिळते. ती थोडी महाग असते, पण तुमच्या वर्णनावरून तीच योग्य वाटते. मात्र मामाजींना गिळताना ठसका लागतो का, हे आधी सांगा. लागत असेल तर फुगा काढण्याचा निर्णय तपासणीशिवाय घेता येणार नाही, आणि त्यासाठी सोमवारी त्यांना घेऊन यावेच लागेल.

ओलीत

पाण्याला ठसका लागतो, वरण-भाताला लागत नाही. नळीवर 7.5 असे छापलेले आहे. सोमवारी येतो. सोबत मेहुणा येईल, बहिणीला आणत नाही. तिने शिकून झाले आहे, आता त्याला शिकवा.